कोऱ्या पट्टीचा वास

३ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

सोबतची कुपी आणि कागदी पट्ट्यांचं पाकीट बघून बुचकळ्यात पडू नकोस. महिन्यापूर्वीची सर्दी गेली, पण जाताना नाक घेऊन गेली. कांदा, साबण, फिनेल, कशाचाच वास येत नाही. डॉक्टर म्हणतात परत येईल. कधी, ते सांगत नाहीत. आणि मी पोटासाठी करतो काय, तर सेंटं हुंगतो. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती बाळाला घेऊन माहेरी आहे, पंधरा तारखेला येईल.

हे पुरुषांसाठीचं नवं सेंट आहे. लाकूड आणि मसाले, एवढं मला बाटलीवरच्या चिठ्ठीतून कळलं. ते बाजारात आणायचं की नाही, हे माझ्या अहवालावर ठरणार. लहानपणी माझा शर्ट हुंगून मी कुठे उंडारून आलो ते तू सांगायचीस. ते नाक आता मला उसनं दे. पट्टी बुडवून लगेच, मग तासाभराने आणि पुन्हा दुसऱ्या सकाळी हुंग आणि येईल ते लिही. ताई, मला फार भीती वाटते गं.

लोभ आहेच, सध्या जरा जास्त असू दे.

तुझा धाकटा

७ जानेवारी

चि. नाकोबास अनेक आशीर्वाद.

बायकोपासून लपवलंस ते मला मुळीच पटलं नाही. असो. पट्टी बुडवली. आधी मिरी, एकदम झणझणीत, मागून जायफळ. तासाभराने मिरी निवते आणि लाकूड वर येतं, सुताराने नुकताच रंधा मारल्यासारखं कोरडं. सकाळी दालचिनीची गोडी उरते आणि तळाशी धूर, किंचित करपट. मला तो रुचला नाही, पण पुरुषांच्या सेंटात घालत असतील बाबा. एकूण वास ऐटबाज आहे, आरशासमोरून न हलणाऱ्या माणसाला शोभेल असा.

वेळेवर जेवत जा. इकडची माया आहे तशीच आहे.

तुझी ताई

१० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

घात झाला. तुझं वर्णन मी जसंच्या तसं अहवालात उतरवलं. मिरी, लाकूड, दालचिनीपर्यंत साहेब माना डोलावत होते. धुराचं वाचलं तसे सेंट बनवणारे आजोबा ताडकन उठले आणि म्हणाले, यात धुराचा थेंबही घातलेला नाही. आणखी दोघांनी हुंगलं, त्यांनाही धूर आला नाही. आता सोमवारी मी सगळ्यांसमोर पुन्हा हुंगायचंय. तुझं नाक कधी चुकत नाही, मग धूर आला कुठून? उत्तर लगेच पाठव.

लोभाची आज फार गरज आहे.

तुझा धाकटा

१२ जानेवारी

चि. नाकोबास आशीर्वाद.

हे पत्र टपालात टाकत नाही, तुझे भाऊजी ते घेऊन पहिल्या बसने निघालेत. तुझं पत्र आल्यावर मी ते सेंट यांच्या मनगटावर लावलं. धूर नाहीच. मग तुझ्या पाकिटातली कोरी पट्टी हुंगली. करपट वास कागदालाच आहे, जळक्या रबरासारखा. पट्ट्या कुठे ठेवतोस तू? तिथे काहीतरी जळतंय आणि तुला कळत नाहीये. आधी मेन स्विच बंद कर, उरलेलं पत्र मग वाच.

जिवाला जप रे.

तुझी ताई

१६ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पट्ट्या निजायच्या खोलीतल्या कपाटात होत्या. भाऊजींनी आणि मी कपाट ओढलं. मागचा प्लग वितळून भिंतीला चिकटला होता आणि कपाटाची पाठ हात लावताच भुगा होऊन पडली. वायरमन म्हणाला, बरेच दिवस धुमसतंय, आणखी दोन-चार दिवसांत भडकलं असतं. त्याच कपाटाला लागून बाळाचा पाळणा आहे. बाळ येणार म्हणून मी भाऊजी यायच्या आदल्या दिवशीच त्यात धुतलेली दुपटी घालून ठेवली होती.

साहेबांना खरं काय ते सांगितलं. नोकरी राहिली, खुर्ची गेली. सध्या बाटल्यांवर लेबलं लावतो.

काल ती दोघं आली. बायकोलाही सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. दिवेलागणीला बाळाला खांद्यावर घेऊन तिने घराचा कोपरान् कोपरा हुंगला. स्वयंपाकघर, न्हाणीघर, मग पाळण्यामागची भिंत. मी तिच्या मागोमाग फिरत होतो, तिच्या चेहऱ्याकडे बघत. आज पुन्हा तसंच. भिंतीपाशी ती जरा जास्त वेळ थांबली आणि भिंत गरम लागते का, ते मी हाताने चाचपून बघितलं.

तुझा लोभ आम्हा तिघांवर असाच राहो.

तुझा धाकटा