फाट्यावरची पाटी

सिस्टर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायला आता कुणाला कारण उरलेलं नाही. मला आहे. जानेवारीपासून आहे, आणि पोळा होऊन गेला तरी डोक्यातून जात नाही. सकाळी चहा टाकते आणि तो उतू जाईपर्यंत खिडकीतून खाली उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे बघत राहते. ही गाडी तुम्ही पाहिलेली नाही. स्टिअरिंगच्या बाजूला वीतभर पडदा आहे, पडद्यावर नकाशा आहे आणि त्या नकाशातून एक बाई बोलते. कुठे वळायचं ते इंग्रजीत सांगते. तिचे उच्चार इतके स्वच्छ आहेत की पहिल्या दिवशी तिचा आवाज ऐकल्याबरोबर मी सीटवर ताठ बसले होते.

नकाशा म्हटलं की मला आपल्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहाचं जेवणघर आठवतं. जून महिना, सुट्टीवरून आलेल्या मुलींच्या पेट्या अजून उघडलेल्याही नाहीत, आणि तुम्ही टेबलं भिंतीला लावायला सांगताय. यवतमाळ जिल्ह्याचा तो कापडी नकाशा फरशीवर पसरला जातो आणि आम्ही बूट काढून, मोज्यांनिशी त्याच्यावर रांगतो. एरवी तोंडातून मराठी शब्द निघाला की गळ्यात लाकडी फळी अडकवणाऱ्या तुम्ही त्या एका दिवशी मराठी बोलू द्यायचात. द्यावीच लागे. पांदण, गाडवाट, नाल्यातला उतार, यांना आमच्याजवळ इंग्रजी शब्द नव्हते आणि तुमच्याजवळही नव्हते. प्रत्येकीने आपल्या गावाकडे काय बदललं ते सांगायचं. बाभुळगावची मुलगी सांगे, आमच्या रस्त्यावर डांबर पडलं. दिग्रसची सांगे, जिनिंगच्या मागून नवी वाट काढली. तुम्ही कमरेवर हात ठेवून, त्या तुमच्या केरळी मराठीत, एवढंच विचारायचात, "कोणी पाहिलं?" स्वतः पाहिलं असेल तर कागदाची पांढरी पट्टी, कणकेची खळ आणि ब्रश. नुसतं ऐकलं असेल तर पुढची मुलगी.

माझा पूल तुम्ही विसरला असाल. मी नाही. गावाजवळच्या नदीवर पूल झाला असं बाबांनी सांगितलं होतं, मी तुम्ही यायच्या आत पट्टी चिकटवूनही टाकली होती. "तू त्याच्यावरून गेली?" नाही सिस्टर, पण माझे बाबा खोटं बोलत नाहीत. "मग बाबांना बोलव. ते चिकटवतील." सगळ्या मुली हसल्या. ती ओली पट्टी तुम्ही मला नखाने खरवडायला लावलीत, तिच्याबरोबर नदीचा निळा रंगही निघून आला. दिवाळीच्या सुट्टीत मी रागारागाने थोरल्या बहिणीला, ताईला, घेऊन नदीवर गेले. पूल होता. नदीच्या मधोमध उभा होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना रस्ताच नव्हता. बैलगाड्या त्याच्या शेजारून पाण्यातून जात होत्या. ताई काठावर बसून सीताफळ खात होती. बिया थुंकत म्हणाली, "तुही सिस्टर लई पोचलेली हाय." पुढच्या जूनमध्ये मी पट्टीवर लिहिलं, पूल आहे, रस्ता नाही. तुम्ही वाचलंत आणि जाताना तो खळीचा ब्रश माझ्या हातात देऊन म्हणालात, ठेव तुझ्याजवळ. पुढे संसारात मी तो धुऊन तव्याला तेल लावायला घेतला. राग मानू नका, चांगला टिकला.

ती ताई आता मुकुटबनच्या पलीकडे एकटी राहते. शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर, दिलंय, डोळे जवळजवळ गेलेत, आणि यवतमाळला चल म्हटलं की म्हणते, "माह्या घरी मले काय काटे टोचून राह्यले?" मी एक रविवार सोडून एक रविवार गाडी घेऊन जाते. औषधं देते, डोक्याला तेल लावते, तिच्या पायाची नखं कापते. मी नाही गेले तर ती नखं कोणी कापत नाही. हे मी काही मोठं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच कोणी कापत नाही. गाडी माझ्या मुलाने निवडली होती. तो पुण्याला इंजिनीअर आहे. पांढरकवड्याच्या पुढे फोनची रेंज जात-येत असते म्हणून त्यानेच ही घ्यायला लावली. "आई, यात नकाशा गाडीतच बसवलेला आहे. चुकायचा प्रश्नच नाही."

जानेवारीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दोनेक महिने खंड पडल्यावर मी पहिल्यांदाच निघाले होते. दिसत इतकं स्वच्छ होतं की शेतातल्या तुरीच्या शेंगा मोजता आल्या असत्या. मुकुटबनच्या अलीकडे जो फाटा आहे तिथे बाई म्हणाली, डावीकडे वळा. नेहमीचाच रस्ता तो. वळले. थोडं पुढे गेले आणि रस्ता संपला. संपला म्हणजे सुरीने कापावा तसा, आणि समोर खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर. बाई म्हणतेय, सरळ जा. मी गाडी मागे घ्यायला गेले तर चाक शेताच्या काळ्या मातीत रुतलं. दिवस मावळायला आला तेव्हा मोटारसायकलवरून दोघे जण आले. एकाने खिडकीत वाकून विचारलं, "मावशी, इकडं कायले आल्या? हा रस्ता तं खाणीनं गिळला ना. आता उजवीकडून फिरून जा लागते. कोनं सांगतलं तुमाले इकडं जा म्हनून?" मी पडद्याकडे बोट दाखवलं. तो दुसऱ्याला म्हणाला, "आयक, गाडीनं सांगतलं." मग मला, "गाडीले काय समजते मावशी? तिनं का कापूस येचला इथं?" दोघांनी गाडी ढकलून काढली. तोवर मी पोचले नाही म्हणून ताईच्या शेजारणीने थेट पुण्याला फोन लावला होता.

त्या रात्री मुलाचा फोन आला. "आई, गाडी विकून टाकू." मी म्हटलं, का, गाडीने काय केलं? "गाडीने नाही गं. तुझं वय, त्यात ते डोळ्याचं ऑपरेशन. अंधारात कुठे पडली असतीस म्हणजे?" मी म्हटलं, मी चुकले नाही, नकाशा चुकला. तो लहान मुलाशी बोलावं तसा म्हणाला, "हो, हो, असू दे." सिस्टर, जन्मभर बँकेच्या काउंटरमागे बसून मी माणसांना त्यांच्या चुका दाखवल्यात. हो हो असू दे, हे मला कोणी म्हटलेलं नव्हतं. मग आमचं ठरलं. मी नकाशा नवा करून घ्यायचा, त्याने होळीला यायचं, माझ्या शेजारी बसायचं, आणि मी त्याला मावशीकडे नेऊन दाखवायचं. रस्ता चुकले तर किल्ली त्याची. ताईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "म्हंजे माह्या नखायची परीक्षा हाय म्हन."

शोरूममध्ये टाय लावलेला एक तरुण होता. म्हणाला, मॅडम, तो नकाशा हल्ली कोणी वापरतच नाही, मोबाईल लावा. मी विचारलं, मग बसवला कशाला, शोभेला? तो पेनड्राइव्ह घेऊन आला. इंजिन चालू ठेवून मी गाडीत बसून राहिले, पडद्यावर एक निळी रेघ मुंगीच्या चालीने सरकत होती. झालं म्हणाला तेव्हा मी बोटाने नकाशा ओढत मुकुटबनपर्यंत नेला. फाट्यावरून डावीकडे तीच रेघ, अखंड, जाड, जशी काही तिच्यावर आत्ताच डांबर ओतलंय. उजवीकडे काहीच नाही. मी त्याला विचारलं, हा रस्ता कोणी पाहिला? "काय मॅडम?" हा रस्ता. कोणी पाहिला आणि कधी पाहिला? "ते सॅटेलाइटवरून असतं मॅडम." सॅटेलाइट मुकुटबनला उतरून बघतो का? तो नम्रपणे हसला आणि मला चहा घेणार का विचारलं. घरी येऊन मी कंपनीला कळवलं, रस्ता कुठून कुठे तुटलाय ते सविस्तर. अभिप्रायाबद्दल आभारी आहोत असं उत्तर आलं. मी अभिप्राय दिला नव्हता, चूक सांगितली होती. पण कळवत असतानाच माझ्या मनात आलं होतं की होळीपर्यंत त्यांनी ही चूक सुधारली नाही तर बरं.

होळीला मुलगा आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुललेला, आणि तो दाराच्या वरचा दांडा धरून बसलेला. फाट्यावर बाई म्हणाली, डावीकडे वळा. मी गाडी थांबवली.

"काय झालं?"

"तू सांग. डावीकडे का उजवीकडे?"

"ती सांगतेय ना डावीकडे. आत्ताच अपडेट केलंस ना?"

"नक्की?"

"आई, परीक्षा तुझी आहे."

मी डावीकडे वळले. मातीचा डोंगर आता आणखी उंच झाला होता. तो खाली उतरला, कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला, आणि वळून माझ्याकडे पाहिलं ते अगदी लहानपणीच्या चेहऱ्याने. "म्हणजे जानेवारीत हेच झालं?" मी म्हटलं, हं. "पण इथे निदान एखादी पाटी तरी लावायला हवी. माणसाला कळणार कसं?"

मी म्हटलं, हो ना.

तो कंपनीला पाठवायला डोंगराचे फोटो काढत होता. मी गाडी वळवून फाट्यापर्यंत आणली, आणि त्याची वाट बघत असताना मला शेजारच्या नालीतल्या वाळल्या गवतात दोन लाकडी पाय दिसले, आणि पालथा पडलेला पत्रा. कुठल्या तरी ट्रकने उडवला असणार. मुलगा चालत त्या पत्र्याच्या बाजूने आला, गाडीत बसला. त्याचे डोळे अगदी चांगले आहेत.

ताईकडे जेवताना तो म्हणाला, "मावशी, आईचं काही चुकलं नव्हतं. नकाशाच चुकीचा होता." ताईने ताटात चाचपून ठेचा घेतला. "तुही माय कधीच चुकत नाई. हे तिनं लहानपनीच ठरवून ठेवलं. पन किल्ली राहू दे तिच्यापाशी." जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सॉरी म्हणाला. ते सॉरी मी घेतलं.

आता तुम्हाला सांगते. ती पाटी जानेवारीत उभी होती. पत्र्यावर चुन्याने लिहिलं होतं, रस्ता बंद, उजवीकडून जा. सवयीने वळले असं म्हणता आलं असतं, पण मी थांबले होते. ब्रेक लावून, काच खाली करून ती पाटी पूर्ण वाचली होती. आणि बाई म्हणाली, डावीकडे वळा. पुन्हा म्हणाली. वेड्यावाकड्या मराठी अक्षरांकडे एकदा आणि पडद्याकडे एकदा पाहिलं, आणि मी वळले. सिस्टर, तो तुमचा आवाज आहे. त्या आवाजाने उठ म्हटलं की आम्ही उठलो, गप्प म्हटलं की गप्प झालो, गळ्यात फळी घालून उभ्या राहिलो. नातवंडं असण्याच्या वयाची मी, त्या आवाजाने सांगितलं म्हणून मातीच्या डोंगरापाशी जाऊन रुतले. कोणी पाहिलं, हे विचारायला तुम्हीच शिकवलंत ना? मग वर्षातून एकच दिवस का? बाकीचे सगळे दिवस काय शिकवत होतात? हे मला त्या दोघांनी चाक ढकललं तेव्हापासून विचारायचंय, आणि विचारायला कोणी नाही.

मुलाला पाटीचं सांगितलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल, आई, पाटी असूनही तुला दिसली नाही? किंवा दिसूनही कळली नाही? दोन्हींचा अर्थ किल्ली असाच होतो. सत्तरीच्या बाईने इंग्रजीला घाबरून डावीकडे गाडी घातली, हे त्याला कुठल्या तोंडाने समजावू?

गेल्या महिन्यातल्या एका फेरीला फाट्यावर चिखलात चाकांचे नवे ठसे होते, डावीकडे गेलेले. कोणाची तरी गाडी चांगली रुतली असणार, चाकाखाली घातलेल्या बाभळीच्या फांद्या तिथेच पडल्या होत्या. मी उतरले, नालीतून तो पत्रा ओढून काढला आणि घरी आणला. चुना पार धुऊन गेला होता. पांढरा रंग आणून मोठ्या, सरळ अक्षरांत सगळं पुन्हा लिहिलं. ब्रश कोणता ते विचारू नका, तव्याला आता मी कांदा फिरवते.

दिवाळीला मुलगा येणार आहे आणि मावशीकडे जायचं म्हणतोय. फाट्यावर पाटी दिसली की तो विचारणार, ही कधी लावली, आणि पुढच्या कुठल्या तरी टपरीवरचा माणूस आपणहून सांगणार, पहिलेपासूनच हाय न साहेब, मधात पडली होती. म्हणून रोज सकाळी खिडकीत उभी राहते. हे कागद गाडीच्या कप्प्यात, त्या नकाशाच्या माहितीपुस्तकाखाली ठेवून देईन, तिथे कोणी हात घालत नाही. परवाच्या रविवारी ताईकडे जाऊन आले. तिची नखं कापली, फाट्यावर जाताना थांबले, येताना थांबले. रंग कधीच वाळलाय, सिस्टर. पाटी अजून डिकीतच आहे.