नऊ नंबरचं वाण

सोलापूर
ता. १२ एप्रिल २०२६

ती. सौ. वच्छलाअक्कास,
अमृतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतो आहे. कारण तुला माहीत आहे. तुमच्या घरी फोन दाजी उचलतात, स्पीकरवर टाकतात, आणि मेसेज आला तर शेजाऱ्यांनाही वाचून दाखवतात.

आपल्या उदय फुटबॉल मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतात. २४ मेला बार्शीच्या संघाशी सामना ठेवला आहे, आणि सेक्रेटरी म्हणून स्मरणिकेत मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. इतिहास लिहिणं सोपं असेल असं वाटलं होतं. आप्पांनी नव्या पेठेतली पोरं जमवली आणि दुकानं उघडायच्या आधी खेळ सुरू केला, इथपर्यंत सगळे एकमताने सांगतात. पुढे अडचण आहे. आपला गोलकीपर गुरुबसप्पा म्हणतो की पहिलं वर्षभर चेंडू व्हॉलीबॉलचा होता. हे छापावं की नाही, ठरत नाही. करंडक आपल्याला एकदाच मिळाला, तोही अंतिम सामन्याच्या दिवशी समोरच्या संघाची एसटी टेंभुर्णीला बंद पडली म्हणून. मी ‘करंडक मिळाला’ असं लिहिलं आहे. ‘जिंकला’ लिहायला हात धजला नाही. आई म्हणते की इतका विचार करणाऱ्याने इतिहास लिहू नये.

दाजींबद्दल एक विचारायचं होतं. सत्तावीस वर्षं ते आपले सेंटर फॉरवर्ड आहेत, पण त्याआधी ते कुठे खेळत होते हे कुणालाच सांगता येत नाही. ते संघात आले कसे? मी तेव्हा बारावीत होतो आणि घरात काय चाललंय याकडे माझं लक्ष नसायचं. तुला नक्की आठवत असेल.

मुख्याध्यापकबाईंना नमस्कार. लोभ आहेच, पण उत्तरही असावं.

तुझा,
अमृत


अकलूज
ता. १८ एप्रिल २०२६

चि. अमृत यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शिपायाने ते सगळ्या स्टाफसमोर आणून दिलं. आता शाळेत सगळ्यांना वाटतंय की माझी कोर्टात केस चालू आहे.

हे कुठेच खेळत नव्हते. आमचं लग्न झालं त्याच वर्षी अधिक महिना आला. नव्या जावयाचा पहिला धोंडा, म्हणून आईने अनारसे तळले, मला साडी आणली. जावयाचं वाण काय द्यायचं ते मी बघतो, असं आप्पा म्हणाले. ताटावर रुमाल टाकून आणलं. यांनी रुमाल उचलला तर खाली नऊ नंबरची जर्सी, घडी घातलेली, वर सुपारी ठेवलेली. संघाचा तेव्हाचा नऊ नंबरवाला पुण्याला नोकरीला गेला होता आणि आप्पांच्या डोक्यात महिनाभर दुसरं काही नव्हतं. भटजींनी संकल्प सांगितला, यांनी जर्सी कपाळाला लावली. रविवारी मैदानावर उतरले. हे इतिहासात घाल किंवा नको, मला काही म्हणायचं नाही.

म्हणायचंय ते वेगळंच. फेब्रुवारीत आम्ही पुण्याला मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो असं तुम्हाला सांगितलं. लग्नबिग्न काही नव्हतं. यांच्या हृदयात स्टेंट बसवला. कुणाला सांगायचं नाही म्हणून माझ्याकडून शपथ घेतली. आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं की चालू देत, पण पळायचं नाव काढू देऊ नका.

आणि आता हे पन्नासाव्या वर्षाच्या मॅचची तयारी करतायत. साखर कारखान्याचा सीझन संपला, यांच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या नाहीत, त्यामुळे वेळच वेळ आहे. मी सांगितलं की रुसतात, जेवत नाहीत. तू सेक्रेटरी आहेस. तू त्यांना संघातून काढ. पण मी सांगितलं हे कळू द्यायचं नाही, आणि त्यांचा अपमानही व्हायचा नाही.

आईला यातलं काही बोलू नकोस. तब्येतीला जप, म्हणजे मला एकाचीच काळजी राहील.

तुझी,
अक्का


सोलापूर
ता. २८ एप्रिल २०२६

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस कशातच लक्ष लागलं नाही. तू एकटीने हे निभावलंस आणि मी तुला इथून व्हॉलीबॉलच्या गोष्टी लिहीत बसलो.

काढण्याचे प्रयत्न सांगतो. पहिल्यांदा मी समितीची बैठक बोलावली आणि असा ठराव मांडला की पन्नाशी उलटलेल्यांनी मैदानात उतरू नये. त्या ठरावाने गोलकीपर, दोन्ही बॅक, खजिनदार आणि दाजी असे सगळेच बाहेर जात होते, हे मी आधी मोजायला हवं होतं. ठराव पडला. गुरुबसप्पाने मला विचारलं की तुझं काय पोट दुखायला लागलंय का.

मग मी कॅप्टनला, म्हणजे कुमारला गाठलं. तो बँकेत आहे, तिशीचा आहे, त्याला तरी पटेल असं वाटलं. कारण सांगता येत नव्हतं, म्हणून म्हणालो की दाजींचा वेग कमी झालाय. कुमार म्हणाला की वेग होता कधी? सहा वर्षं तो दाजींना धरूनच खेळ आखतो, म्हणजे दाजींकडे पास द्यायचा नाही असं ठरवून. पण काढायचं म्हटल्यावर तोही मागे सरला. मंडळाने आजवर कुणालाच काढलेलं नाही, आणि सुरुवात आप्पांच्या जावयापासून करायची का, हा त्याचा प्रश्न. 

शेवटी आईकडे नुसता सूर काढला, की नऊ नंबर आता तरुण पोराला द्यावा. आई निवडत होती ती मेथी तशीच ठेवून म्हणाली की जावयाला दिलेलं वाण मागं मागून घेणारं घर तिनं अजून बघितलं न्हाई, आणि आपलं घर तसलं पयलं व्हायचं असंल तर तिला आधी डोळं मिटू द्यावं. शिवाय यंदा मॅच नेमकी अधिक महिन्यात आली आहे.

मंडळाचं अध्यक्षपद देऊ का त्यांना? तुला काय वाटतं ते लगेच कळव. धीर धर असं लिहिणार होतो, पण तो तुझ्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे.

तुझा,
अमृत


अकलूज
ता. ४ मे २०२६

चि. अमृत यास,
आशीर्वाद.

अध्यक्षपदाचं मी सहज म्हणून काढून बघितलं. हे म्हणाले की खुर्चीत बसायला मी काय म्हातारा झालो काय. तो विषय संपला.

काल सकाळी उठले तर हे घरात नाहीत. कारखान्याच्या आवारात जाऊन बघितलं. काट्याभोवती गोल गोल पळत होते. मला बघितलं आणि थांबले. छातीवर हात होता. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले की काही नाही, खिशातला गेटपास चाचपत होतो. अमृत, त्या बनियनला खिसा नाही.

ठराव, अध्यक्षपद, हे सगळं पुरे. तुम्ही सगळे बाप्ये मिळून एका माणसाला बस म्हणून सांगू शकत नाही, आणि पन्नास वर्षं मंडळ चालवलं म्हणता. काय करायचं ते या आठवड्यात कर. मी शपथ मोडली आहे, आता तू तुझं काहीतरी मोड.

अक्का


सोलापूर
ता. ८ मे २०२६

ती. दाजींस,
अमृतचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. हे पत्र लिहिण्याआधी दुसरा काही मार्ग आहे का ते पाहिलं. जे पाहिलं ते सगळं आडून होतं आणि त्याची मला लाज वाटते.

फेब्रुवारीत पुण्याला काय झालं ते मला अक्काने सांगितलं. तुम्हाला कळू देऊ नकोस असं तिने बजावलं होतं, तेव्हा रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. तुम्ही २४ तारखेला पळावं असं मला वाटत नाही. तुम्हाला काही झालं तर अक्काकडे मी कोणत्या तोंडाने बघू, हे एक कारण. पण खरं कारण त्याहून साधं आहे. तुम्ही मला हवे आहात.

आप्पांनी धोंड्याला दिलेली नऊ नंबरची जर्सी मी परत मागतो आहे. असं मागत नाहीत हे मला ठाऊक आहे. आईला मी सांगेन आणि ती जे बोलेल ते ऐकून घेईन. इतिहासात तुमच्याबद्दल जे लिहायचं ते मी लिहीनच, पण तुमचा त्यातला शेवट मला लिहायचा नाही.

उत्तर रागाचं असलं तरी पाठवावं. लोभाचा हक्क मी या पत्रापुरता बाजूला ठेवतो.

आपला,
अमृत


अकलूज
ता. १३ मे २०२६

चि. अमृत यास,
जोतीरामचा आशीर्वाद.

तू कागदावर विचारलंस म्हणून कागदावर सांगतो, नाहीतर फोन होता की. तुझ्या अक्काला पत्र दाखवलं. आधी रडली, मग माझ्या बनियनच्या खिशावरून लई बोलली. मला वाटलं होतं, तिला ते पटलंय.

जर्सी देतो. मी तरी ती कुठं मागितली होती? रुमालाखाली चांदीचं निरांजन असंल असं वाटलं होतं. मी कबड्डीतला माणूस. पण सासऱ्यानं सुपारी ठेवून दिलेलं नको कसं म्हणायचं? ऑफसाइड म्हणजे काय हे मला दहा-बारा वर्षांनी कळलं. तोवर शिट्टी वाजली की मी थांबायचो.

मग इतकी वर्षं एसटीनं का येत राहिलो, असं तू विचारशील. तुमच्या घरी मला पाट, भोवती रांगोळी. पाणी मागायच्या आत पाणी. आमटी खारट झाली तर बाकीचे सगळे आईंना बोलून मोकळे होतात, मी आपला छान झालीय म्हणत वाटी संपवतो. आप्पा घरात मला जोतीरामराव म्हणायचे आणि मी आलो की उठून बसायचे. मैदानावर पहिल्याच रविवारी मी गोल चुकवला, तर गुरुबसप्पानं सगळ्या लोकांत माझा बाप काढला आणि आप्पांनी लांबून गाढवा म्हणून हाक मारली. मला इतकं बरं वाटलं की अकलूज येईपर्यंत हसत होतो. या घराचा झालो तो त्या दिवशी. लग्नात न्हाई.

म्हणून जर्सी सोडायला जीव धजत नव्हता. ती गेली की परत पाट आणि रांगोळी. पळताना छातीत दुखलं तरी मनात हेच यायचं. आता दुखणं तुला कळलंच आहे, तर पळणार न्हाई. तुझ्या अक्काच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंय.

पण एक ऐक. मला मांडवात बसवून हार घालू नका. हार पडला की माणूस पावणा झाला. मी झेंडा घेऊन लाइनमन बनतो. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले चालायला हरकत न्हाई, आणि आपला खेळ बघता लाइनमन चालला तरी पुरतो. शिवाय लाइनमनला दोन्ही बाजूंनी शिव्या बसतात हे मी बघितलंय. ऑफसाइड मला अजून नीट दिसत न्हाई, त्यामुळं कमी पडायच्या न्हाईत.

आईंना तू सांगू नकोस, मीच सांगतो. जावयानं स्वतः परत दिलं तर त्यांना बोलता यायचं न्हाई. झेंडा तेवढा तयार ठेव. आणि मी चुकीचा झेंडा वर केला तर अहोजाहो करत बसू नकोस.

लोभ थोडा कमी केलास तरी चालंल, शिव्यांत कसूर करू नये.

तुझा,
जोतीराम