तुझ्या हेराबद्दल इथल्यांचं म्हणणं

ताई,
इतक्या लांबून वाकून नमस्कार.

मी बरा आहे. कारखान्यात माणसं कमी आणि काम दुप्पट झालंय. पाय भरून येतात, बाकी काही नाही. आईचा गुडघा कसा आहे?

वर्तमानपत्रात तुझ्या हेरकथेला उथळ म्हटलं, म्हणून तू लिहिणं सोडतेयस, असं आई फोनवर म्हणाली. आमच्या खोलीतल्या सगळ्यांच्या हातातून ती फिरलीय, त्यांचंही ऐक.

आचारी विचारतो, "हा माणूस तीन देश पालथे घालतो, पण जेवतो कधी?" क्रेनवाला पाठलागात इतका गुंगला की बसमधून उतरायचंच विसरला. मला मात्र दर पानावर डुलकी लागायची. दोष तुझा नाही, डबल ड्यूटीचा.

वेल्डर सगळ्यात सावकाश वाचायचा. सोमवारी त्याला कामावरून काढलं. बॅग भरताना त्याने तुझं पुस्तक दोनदा आत ठेवलं, दोनदा बाहेर काढलं. शेवटी मीच म्हटलं, "दादा, शेवट सांगू का?"

"खबरदार!" तो ओरडला. "हेर अजून पुलावर अडकलाय. वाटेत वाचेन. घरी काय तोंड दाखवू, हा विचार तेवढाच वेळ डोक्यातून जाईल."

पुस्तक त्याने सोबत नेलं. मी अडवलं नाही.

वर्तमानपत्रवाल्याला असा प्रवास कधी करावा लागला नसेल. तू लिही.

मला दुसरी प्रत पाठव, पण आधी फोन कर. माझा पत्ता हाच राहतोय का, ते महिनाअखेरीस कळेल. एवढी ओळ आईला वाचून दाखवू नकोस.

तुझा,
धाकटा