आमच्या प्रकृतीला गोळी बाधत नाही

२० ऑगस्ट १९५६
ब्लडप्रेशर निघालं. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात डोकं वापरणारा मी एकटाच, तेव्हा निघणारच. डॉक्टरांनी सर्पगंधाच्या गोळ्या दिल्या.
फोरमनची जागा रिकामी आहे. आमच्या वर्कशॉपचा रिवाज असा, की खंडेनवमीला मोठ्या लेथ मशीनची पूजा ज्याच्या हातून, तोच फोरमन. मॅनेजरांनी यंदा माझं नाव घेतलंय. कुणी फिटर शफीचंही सुचवलं म्हणे. हसू आलं.

२ सप्टेंबर
दवाखान्यात तीच गोळी खाणारे भेटले. काय एकेक नग! शेजारच्या म्हाताऱ्या गोजाबाई म्हणाल्या, उगाच रडू येतंय, थांबतच न्हाई. पुनावळ्याचे जाडे मारुतराव बाकावरच घोरत होते. शफीचं नाक चोंदतं, उठताना चक्कर येते. सगळं सांगून गोळी निम्मी करून घेतली पठ्ठ्यानं. नाजूक!
डॉक्टरांनी मला विचारलं, काही त्रास? म्हटलं, छे. नाक चोंदलंय ते लोखंडाच्या धुळीनं.

१६ सप्टेंबर
प्रेशर उतरलं नाही. त्रास नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी डोस दुप्पट केला. एक प्रकारे प्रमोशनच.

२९ सप्टेंबर, दुपार
लेथपाशी डोळे मिटून विचार करत होतो. शफीनं हलवून उठवलं. म्हणाला, भाऊ, औषध चढतंय तुम्हाला, डॉक्टरांना सांगा. माझ्या जागेवर डोळा आहे लेकाचा.

७ ऑक्टोबर
जेवताना भाकरीकडे बघून डोळे भरून आले. कांद्यानं. बायको, शालन, म्हणाली, आज कांदा चिरलाच न्हाई. बायकांना काय कळतंय!
पूजेनंतर भाषण करायचं ठरवलं. विषय: कणखर प्रकृती.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी
लेथला हळदकुंकू वाहिलं. वाकून नमस्कार केला. ताडकन उठलो. पुढचं आठवत नाही.
शुद्धीवर आलो तेव्हा डोकं शफीच्या मांडीवर. तरी भाषण सुरू केलं. ‘मित्रहो’ म्हणालो आणि हुंदकाच फुटला. मॅनेजर छताकडे पाहू लागले. नारळ शफीनं फोडला.

१५ ऑक्टोबर
शफी फोरमन झाला. दवाखान्यातही त्यानंच नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर रडूच. गोजाबाई म्हणाल्या, रडा दादा, त्या गोळीचंच हाय ते. मग त्यांनी मारुतरावांना जागं केलं, सरकवलं आणि बाकावर मला जागा करून दिली.
बसलो.