ताठ बसल्यावर

४ मार्च

बसले! एकदाची गाडीत बसले! चाकं अजून भिंतीला टेकवलेली, इंजिन टेबलावर, गाडी लाकडी ठोकळ्यांवर. पण सीट बसल्यात आणि मी त्यात बसले, हे महत्त्वाचं.

ही गाडी म्हणजे माझी सवत. दुसऱ्यांच्या गाड्यांचे पोचे काढून झाले की हे गॅरेजच्या मागच्या खोलीत तिच्याकडे जातात. किती वर्षं तिला बांधतायत, आता मोजत नाही. दोनच सीट, बसकी, लांब नाकाची, वर छप्पर नाही. मी एकदा म्हटलं होतं, मला चालवायला द्याल का? तर म्हणाले, "तू रोज शाळेची बस हाकतेस. ह्या गाडीत तू फक्त मिजाशीत बसायचं. गाडी मी चालवणार." लग्नाआधीचं कबूल केलेलं आहे हे. डोंगरातल्या वळणांच्या रस्त्याने, उघड्या गाडीतून, दोघंच.

आज कमानींचं माप घेतलं. छप्पर नाही, मग गाडी उलटली तर डोकी वाचणार कशी? म्हणून प्रत्येक सीटमागे जाड पाइपची कमान. टेप माझ्या डोक्यापर्यंत लावली आणि आकडा मलाच वाचायला लावला. चष्मा घरी राहिला म्हणे.

८ मार्च

कमानी बसल्या, काळा रंगही दिला. सीटच्या वर जेमतेम डोकावतात. हे दिवसातून दहादा लांब उभे राहून बघतात, बायकोला एवढं बघितलं नसेल कधी!

९ मार्च

लेक आली आणि आक्रीत झालं.

ती जिथे काम करते तिथे नव्याकोऱ्या गाड्या मुद्दाम भिंतीवर आपटतात, उलट्या पाडतात आणि आतल्या बाहुल्यांचं काय झालं ते बघतात. ह्यांना भारी अभिमान. आल्या आल्या तिला मागच्या खोलीत नेलं. तिने कमानीवर टिचकी मारली. "बाबा, ही शोभेची की कामाची?"

"शोभेची? चासीच्या सांगाड्याला धरलीय, नुसत्या पत्र्याला नाही! हत्ती बसव वर!"

तिने खाली वाकून जोड बघितले, मान डोलावली. हे फुलून गेले. मग तिने एक लांब लाकडी पट्टी घेतली, एक टोक पुढच्या काचेच्या चौकटीवर, दुसरं कमानीवर. म्हणाली, "गाडी पालथी पडली की ह्या दोन जागा जमिनीला टेकतात. तेव्हा ही पट्टी म्हणजे जमीन. डोकं हिच्या चांगलं खाली पाहिजे."

हे बसले. डोकं आणि पट्टी यांच्यात चार बोटं आरामात मावली. मग मी बसले. माझीही मावली. ह्यांनी हात झटकले, "झालं समाधान?"

पण ती माझ्याकडेच बघत राहिली. "आई, तू अशी काय बसलीस?"

"अशी म्हणजे?"

"पोक काढून. सरळ बस ना."

सरळ बसले. पट्टी माझ्या डोक्याला लागली आणि कमानीवरून वर उचलली गेली!

मी ह्यांच्यापेक्षा उंच आहे. आमच्या घरात हे कुणी मोठ्याने म्हणत नाही एवढंच. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने ह्यांच्या पायाखाली वीट सरकवली होती. हे लाजून लाल झाले होते आणि मला इतकी दया आली, इतका लळा लागला त्या क्षणी! तेव्हापासून ह्यांच्या शेजारी माझी पाठ आपोआप वाकते. बसच्या सीटवर मी खांबासारखी ताठ असते, पोरं मला 'जिराफमावशी' म्हणतात. पण ह्यांच्या शेजारी बसले की झालेच ठेंगणी. त्या दिवशी माप घेतलं ते त्या ठेंगणीचं. ह्यांना कळलं नाही आणि मलाही नाही, शपथ!

लेक म्हणाली, "उलटं लटकल्यावर सीटचा पट्टा ताणला जातो, अंग डोक्याकडे सरकतं. तेव्हा पोक काढून चालेल का? कमान उंच करा. तोवर आई ह्या गाडीत बसणार नाही."

"गाडीची रेघ बिघडेल, रूप जाईल तिचं," हे म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

१० मार्च

तोंडाला कुलूप. चहा देते, "हं." भाजी वाढू का, "हं."

१४ मार्च

मीच माघार घेतली. म्हटलं, "अहो, राहू दे कमान. मी वाकून बसेन. मला काय नवीन आहे?" वाटलं, खूश होतील. तर हातातला घास तसाच ठेवला, माझ्याकडे बघत राहिले आणि ताटावरून उठले. आता ह्यात माझं काय चुकलं?

लेकीला फोन केला तर तीही खेकसली. "आई, तू बाबांचे लाड जीव देऊन करणार आहेस का?"

दोघांनी मिळून माझी कणीक तिंबली. रडले थोडी. मग भांडी घासली.

१९ मार्च

आज अक्षर वेडंवाकडं येतंय.

मुलांना घेऊन परत येताना तळ्याजवळच्या वळणावर रस्ता अडलेला. खाली शेतात एक लाल गाडी पालथी. उघडी, बसकी, आपल्या गाडीची बहीण शोभेल अशी. चाकं आकाशाकडे. मागे मुलं खिडक्यांना चिकटलेली. मी ओरडले, "खाली बसा सगळे!" आणि बस कडेला घेतली.

पुढच्या काचेची चौकट पार चेपलेली. पण मागच्या दोन कमानी मातीत रुतून उभ्या होत्या आणि त्यांनी अख्खी गाडी तोलून धरली होती. त्या फटीतून एक माणूस सरपटत बाहेर आला, त्याच्यामागून एक बाई. तिच्या केसांत माती, कपाळावर जराशी खरचट. ती बाई उठून उभी राहिली. चांगली उंच होती. मला रडू आवरेना. एक चिमुरडी विचारते, "जिराफमावशी, तुम्हाला लागलं का?"

२० मार्च

सांगितलं ह्यांना. सगळं. रागानेच सांगितलं. "मला मरायचं नाही! तुमच्या गाडीच्या रेघेसाठी तर मुळीच नाही! आणि मी उंच आहे. आहे तर आहे! आयुष्यभर वाकले ते प्रेमाने वाकले, तुम्ही सांगितलं म्हणून नाही. पण आता पाठ दुखते माझी!"

बाप रे, कुठून आलं एवढं सगळं!

हे उठले, टेप घेतली, माझा हात धरून मागच्या खोलीत नेलं. "बस. पोरं म्हणतात तशी बस." मी ताठ बसले. ह्यांनी तळहात माझ्या डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवला. टेप बाजूलाच.

"एवढी उंच कधी झालीस गं?"

"लग्नाच्या दिवशीच होते की!"

"माहीत होतं मला," म्हणाले. "त्या दिवशी वाकून बसेन म्हणालीस ना, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. मला वाटायचं, मी त्या विटेवरून कधीच उतरलोय."

मग दोघं हसलो. हसता हसता ह्यांनी डोळे पुसले. मी बघितलं नाही असं दाखवलं. मनातलं ओझं उतरलं बाई!

२८ मार्च

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणे, "बाबा ऐकले? तुझं?" मग बराच वेळ नाक ओढत होती. सर्दी झालीय म्हणे. बापाची लेक!

५ एप्रिल

मागच्या खोलीचं दार बंद. मला आत यायची बंदी. केसांत लोखंडाचा कीस घेऊन जेवायला येतात, शीळ घालत परत जातात. कमान एकच उंच करणार, दुसरी तशीच. म्हटलं, वेडंविद्रं दिसेल. म्हणाले, "आपण दोघं दिसतो तशीच दिसेल."

११ एप्रिल

गाडी बाहेर काढली. चाकांवर उभी, उन्हात. इतकी सुंदर दिसली! पण उंच कमान ड्रायव्हरच्या सीटमागे! मी कपाळाला हात लावला. "अहो, बाजू चुकली तुमची!"

"नाही चुकली."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांना फेब्रुवारीतच सांगितलं होतं. एका डोळ्याचं दिसणं गेलंच, दुसऱ्याचं जाणार आहे. गाडी चालवायची नाही. एवढे दिवस कुणालाच बोलले नाहीत, मलासुद्धा.

किल्ली माझ्या हातात ठेवली. पलीकडे जाऊन बसले, पट्टा लावला. म्हणाले, "लांबचा रस्ता घे. अजून दिसतंय तोवर सगळं बघून घेतो."