रूपाच्या रक्तातला आकडा

४ ऑगस्ट
हर्सूलच्या बालरुग्णालयात आज रुजू झाले. प्रयोगशाळा एका खोलीची, पण माझी! टायफॉइड झालेल्या पोरांचं रक्त पहिल्या, चौथ्या आणि दहाव्या दिवशी घ्यायचं, त्यात तापाशी लढणारी प्रतिपिंडं किती वाढली ते मोजायचं. टायफॉइडच्या जंतूंचा अंश लावलेल्या ताटलीच्या खळग्यात रक्तातलं पाणी सोडलं की लढाई जितकी जोराची तितका पिवळा रंग गडद. वीस वर्षं इथं झाडलोट करणाऱ्या आशाबाईंनी चहा आणला. म्हणाल्या, "सुकेशनीताई, काय लागलं तर हाक मारा. लाजू नका."

७ ऑगस्ट
देवगाव रंगारीची रूपा, सात वर्षांची. आई म्हाळसाबाई मेंढरं दिराच्या हवाली करून आलीय. सुई टोचताना पोरगी रडली नाही, मेंढरांची नावं सांगत बसली. आकडा चाळीस. पहिल्या दिवशी असतो तेवढाच.

१० ऑगस्ट
ताप उतरला. रूपानं वरण-भात मागून खाल्ला. आकडा मात्र एकशे नव्वद. डॉक्टर म्हणाले, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. पुन्हा रक्त घेतलं. दोनशे साठ. या वेळी मला बघताच रूपा आईच्या पदराआड लपली.

१२ ऑगस्ट
रूपा गेली. सकाळी अकराला, अंगात ताप नसताना. डॉक्टरांनाही कारण सांगता येईना. म्हाळसाबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, पोरीचं रगत तुमच्यापाशी हाय नं? तेवढं तरी द्या मला."


१४ ऑगस्ट
फ्रिजमधली तिची नळी पुन्हा तपासली. सहाशे.
त्या नळीत पेशी नाहीत. प्रतिपिंडं बनवणारं तिथं कुणीच नाही. मग वाढतंय कसं?

१७ ऑगस्ट
आज टायफॉइडचा अंशच नसलेली कोरी ताटली घेतली. रूपाच्या नळीतले थेंब आशाबाईंना सोडायला लावले. काही नाही. मग मी सोडले. गर्द पिवळा.
तीनदा केलं. तीनदा तेच.
हे रक्त टायफॉइडशी लढत नाही. माझ्याशी लढतंय.

१८ ऑगस्ट
मी रक्त घेतलेली नऊ पोरं. कोऱ्या ताटलीत नऊही नळ्यांचे थेंब पिवळे. माझ्याआधीच्या बाईंनी घेतलेल्या सगळ्या स्वच्छ.
माझ्यात काय आहे?

१९ ऑगस्ट
डॉक्टरांना सांगितलं. हसले. म्हणाले, रजा घ्या, पण आधी उद्या सम्यकचं दहाव्या दिवसाचं रक्त तेवढं घ्या. त्या नवांतलाच, पाच वर्षांचा आहे तो. मी नाही म्हटलं. रागावले.

२० ऑगस्ट, सकाळ
प्रयोगशाळेला आतून कडी लावलीय. बाहेर सम्यक हसतोय, ठणठणीत आहे. त्याला घरी न्या म्हणून मी आतून ओरडले. हसू थांबलं—
त्याची आई किंचाळतेय, पोरगं डोळे उघडत नाही म्हणून. मी हात लावला नाही. सुई नाही. नुसती दाराआड उभी—
डॉक्टर रक्त तपासायला त्याला घेऊन इकडंच— दाराला धक्के— कडी निघतेय— नका, त्याला माझ्यापाशी आणू न