भट्टी चालवणाऱ्याची लेक

कासारवाडी,
९ जानेवारी २०२५

प्रिय अण्णांना विजयश्रीचा सविनय जयभीम, वि. वि.

कंपनीतल्या लोखंड ठोकणाऱ्या हॅमरने तुमचे कान खाल्ले, म्हणून आपला फोन बंद आणि पत्रं सुरू. यात माझा फायदाच आहे; पत्रात मला मधेच कुणी तोडत नाही. तर आधी रागावून घ्या. तळवड्याची नोकरी सोडली ती सोडलीच. आता त्याच गल्लीतल्या शेडमध्ये मातीची भांडी भाजायची माझी विजेवरची भट्टी आहे.

पुण्यातल्या एका गॅलरीच्या नीला मॅडम फेब्रुवारीच्या प्रदर्शनात मला जागा देणार आहेत. चोवीस वाडगे हवेत. कच्च्या मातीची पहिली भाजणी छान झाली, पण ग्लेझ, म्हणजे वरून काचेसारखा चढणारा लेप, दगा देतोय. काटा बाराशे चाळीस अंशांवर गेला की मी भट्टी बंद करते. दुसऱ्या दिवशी बघावं तर प्रत्येक वाडग्यावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं. दोन खेपा वाया गेल्या. तरी हात टेकले असं लिहिणार नाही, तिसऱ्यांदा भाजणारच. तुम्ही एकतीस वर्षं भट्टीपुढे काढलीत. काही सुचतंय का?

राग कितीही असो, माया पातळ करू नका.
तुमची विजू

राजगुरुनगर,
१४ जानेवारी २०२५

चि. विजयश्रीस अनेक मंगल आशीर्वाद व जयभीम.

रागावलो आहेच. तुझी आई म्हणते, लेक बापावर गेली. बाप घरी काजळी आणायचा, ही चिखल आणते.

आता कामाचं. काटा आकड्यावर आला की तू खटका पाडतेस, तिथेच चुकतेस. काटा भट्टीतली गरमी दाखवतो, मालाच्या पोटातलं त्याला काय कळणार? आम्ही सोकिंग करायचो. ताव पोचला की तो तसाच धरून ठेवायचा. नवे इंजिनियर घाई करायचे, तेव्हा मी म्हणायचो, साहेब, भात शिजला तरी वाफ जिरू द्यावी लागते. तू अर्धा तास ताव धर. लेपातली हवा निघून जाईल आणि भोकं मिटतील. मग भट्टी आपली आपण निवू दे. लाल तापलेला लोखंडी जॉब तेलात बुडवायची आमची रीत इथे चालवू नकोस. गुरुवारी लाईट जाते, तो वार टाळ.

जेवणाची आबाळ करू नये.
तुझे अण्णा

कासारवाडी,
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय अण्णांना सविनय जयभीम, वि. वि.

जमलं! चोवीसच्या चोवीस वाडगे गुळगुळीत निघाले. भट्टी उघडल्यावर मी शेडमध्ये एकटीच नाचले.

आणि जागा गेली, अण्णा. नीला मॅडमना वाडगे फार आवडले. पण माझ्या नावाचं कार्ड त्यांनीच लिहून आणलं होतं: ‘पिढीजात कुंभार घराण्यातली विजयश्री’. आडनाव गायब. मी म्हटलं, आम्ही कुंभार नव्हे. त्या म्हणाल्या, लोकांना गोष्ट लागते, आणि आडनावाने उगाच प्रश्न निघतात. मी म्हटलं, कुंभारांची पुण्याई मी चोरणार नाही आणि माझं आडनाव लपवणार नाही. त्यावर त्यांनी मला हेच कार्ड नाहीतर जागा नाही असं सांगितलं. मी वाडगे परत खोक्यात भरले. एकही फुटू दिला नाही.

आता सोळा तारखेला, रविवारी, शेडसमोरच मांडते. ज्याला यायचं तो तळवड्याला येईल. कार्ड मी स्वतः लिहिलंय, सोबत पाठवते: ‘विजयश्री भीमराज ओव्हाळ. वडील फर्नेस ऑपरेटर, चाकण. ताव धरायला त्यांच्याकडून शिकले.’ तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात.

भांडखोर असले तरी पदरात घ्या.
तुमची विजू

राजगुरुनगर,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. विजयश्रीस अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र वाचून आधी डोकं फिरलं. हाती आलेली जागा घालवली. एक ओळ खपवून घेतली असती तर काय बिघडलं असतं, म्हणून दिवसभर धुसफुसत होतो. तुझी आई म्हणाली, ‘तिचं बराबर हाय, तुमी आयुष्यभर खपवून घेतलं, काय मिळालं?’ मग चष्मा लावून कार्ड पुन्हा वाचलं.

विजू, कार्डात एक चूक आहे. मी ऑपरेटर नव्हतो. भट्टी मी चालवायचो, ताव मी धरायचो, पण रजिस्टरवर सही दुसऱ्याची व्हायची आणि माझ्या गेटपासवर शेवटपर्यंत ‘हेल्पर’च राहिलं. दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा पुढच्या वर्षी बघू म्हणाले. तुम्हा पोरांना मी ऑपरेटरच सांगत आलो, कारण खरं सांगायची लाज वाटायची. ती लाज माझी नव्हतीच, हे कळायला इतकी वर्षं लागली.

चूक दुरुस्त करू नकोस. अक्षर मोठं काढ. रविवारी आम्ही दोघं सकाळीच येतो. कुणी काही विचारलं तर उत्तर मी देईन.

तुझा,
भीमराज ओव्हाळ
फर्नेस ऑपरेटर